पुन्हा काशीला निघालीस ना, मग ऐक

अगं, तिकिटं काढलीस ते उत्तम केलंस. फक्त फोनवर "सगळं बदललंय म्हणे, जाऊ की नको" असं जे पुटपुटलीस, त्यावर तेव्हा काही बोलले नाही. शेजारी तुझे भावोजी बसले होते, आणि त्यांच्यासमोर काशीचा विषय काढला की ते लगेच रेल्वेचं वेळापत्रक सांगायला लागतात. आता घरात कुणी नाही. बस जरा, सगळं सांगते.

बदललंय. हे घरूनच ऐकून जा, म्हणजे गोदौलियाच्या चौकात तोंड पाडून उभी राहणार नाहीस. आईबरोबर गेलो तेव्हाची विश्वनाथाची गल्ली आठवते ना? दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या दुकानांना लागायचे, मधे गाय, आणि आईने तुझ्या वेणीचं टोक घट्ट धरलेलं. 13 डिसेंबर 2021 ला विश्वनाथ धाम खुलं झालं, त्याआधी तीनशेहून जास्त इमारती विकत घेऊन पाडल्या. आता ललिता घाटाकडून वर आलीस की चुनारच्या दगडाचं मोठं मोकळं अंगण लागतं. देवळाच्या बाजूला उभं राहून गंगा दिसते, जी आपल्याला तेव्हा दिसली नव्हती. घरांच्या भिंतींत गाडली गेलेली कितीतरी छोटी देवळं त्या पाडापाडीत उघडी पडली. म्हातारी माणसं आता रेटारेटीत पडत नाहीत, बसायला जागा आहे, पाण्याची सोय आहे. पण त्या गल्लीतल्या ओसऱ्या, वरच्या खिडकीतून "माताजी, इधर से" म्हणणाऱ्या बायका, त्यांची घरं, ती काही परत येत नाहीत. मला तिथे उभं राहून बरंही वाटलं आणि चुकल्याचुकल्यासारखंही. तुला यातलं एकच वाटलं पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

पण एक सांगते, रागावू नकोस. आपण जिला 'जुनी काशी' म्हणून कुरवाळत बसतो, ती तरी किती जुनी होती गं? पैठणहून काशीला गेलेल्या भट्टांच्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी तोडरमलाच्या मदतीने विश्वेश्वराचं मोठं देऊळ उभं केलं, ते 1585 च्या सुमाराचं. ते 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडलं गेलं. पुढे शंभराहून जास्त वर्षांनी, 1780 मध्ये, अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेवर आत्ताचं देऊळ बांधलं. शिखरावरचं सोनं त्यानंतरचं, पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलेलं. आणि घाट? पायऱ्या, बुरूज, नदीकाठचे भक्कम वाडे यांतलं बरंचसं अठराव्या शतकातलं आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीचं, पेशवे, होळकर, शिंदे, भोसले यांच्या पैशाने उभं राहिलेलं. नदीकाठावर दगड उतरत असतील तेव्हाही कुणीतरी म्हातारी नाक मुरडून म्हणालीच असेल, "आमच्या वेळी इथे नुसती माती होती, किती मोकळं वाटायचं!" तेव्हा 'आमच्या वेळी' हे दोन शब्द पुण्याच्या घरात कुलूपबंद करून जा. विशेषतः लेक बरोबर असताना. तिला तिची काशी बघू दे. तुझी ऐकायची असेल तर ती विचारेल, आणि नाही विचारलं तर तेही बरं.

आता खरी गोष्ट. तू यादी केली असशील, मला माहीत आहेस तू. जिथे बसलो होतो ती पायरी, जिथे लस्सी प्यालो ते दुकान, जिथे आईने साडीचा पदर भिजवला तो घाट. तो अल्बम घरीच ठेव. पहिल्या खेपेला जे पाहिलं ते तपासायला जायचं नसतं. पहिल्या खेपेला ज्याला वेळच मिळाला नाही, तिकडे जायचं. आपल्याला तेव्हा यात्रेवाल्याने दशाश्वमेध, विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव आणि थेट गाडी, एवढंच दाखवलं. दशाश्वमेधाच्या उत्तरेला अर्धं शहर उरलं होतं, आणि बाई, ते अर्धं शहर आपलं आहे!

मणिकर्णिकेवरून उत्तरेला गेलीस की शिंदे घाट लागतो. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला. बाई खमकी होती, ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा दगडी मंडपही तिनेच 1828 मध्ये बांधला. पण शिंदे घाटाचं बांधकाम इतकं जड झालं की ते नदीत खचलं. तिथेच पाण्याच्या काठावर रत्नेश्वराचं देऊळ आहे, एका बाजूला कललेलं. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. नावाडी सांगतात की एका मुलाने आईसाठी देऊळ बांधलं आणि "तुझं ऋण फिटलं" म्हणाला, तेव्हा ते कललं. इंजिनिअर म्हणतील पाया खचला. मी दोघांनाही मान डोलावली.

तिथून पुढे नागपूरकरांचा भोसले घाट, राम घाट, मग ग्वाल्हेरच्या दिवाणाचा जटार घाट. बालाजी घाटाच्या वरच्या देवळात बिस्मिल्ला खाँ साहेब लहानपणी मामांबरोबर सनईचा रियाझ करायचे. तिथे एक-दोन मिनिटं नुसती उभी राहा, बास. पाटी वाचण्यात वेळ घालवू नकोस. त्याच्या पलीकडे पंचगंगा घाट. त्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, तुझे गुडघे मला माहीत आहेत, म्हणून खालून वर चढू नकोस. मैदागिनपर्यंत ई-रिक्षाने जा आणि गल्ल्यांतून वरच्या बाजूने खाली उतर. वाटेत काळभैरव येतो, काशीचा कोतवाल, त्याला सांगितल्याशिवाय शहरात राहायचं नाही अशी तिकडची रीत. पंचगंगेवरच्या बिंदुमाधवाचं आत्ताचं देऊळ आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, आणि त्याच्या डोक्यावर औरंगजेबाच्या काळची मशीद, तिला लोक अजून 'बेनीमाधव का धरहरा' म्हणतात. कार्तिक महिन्यात इथे बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे लावतात. देवदिवाळीची गर्दी टाळून कार्तिकातल्या कुठल्याही साध्या संध्याकाळी गेलीस तर जास्त दिसेल. देवदिवाळीला माणसांची डोकीच बघून येशील, दिवे नंतर मोबाईलवर.

पंचगंगेला लागून दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. इथे तू दारांवरची नावं वाच. आपली आडनावं दिसतात! पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली मराठी घरं आहेत ती. वेदपाठशाळा, पूजा सांगणारे, आणि गणपतीत मंडप. तिथली एक आजी माझ्याशी मराठी बोलली, पण अशी की आपल्या पणजीच्या तोंडची वाटावी, मधे 'हमार' येत होतं ते सोड. चहा दिला, आणि "पुण्याला आता काय भाव आहे तांदळाचा" विचारलं. तिला पुणं कधी बघायचंही नव्हतं. नुसता भाव हवा होता. तू गेलीस की मराठीत "आहे का कुणी घरात?" असं म्हणू नकोस हं आगाऊपणे. ओट्यावर कुणी बसलेलं असेल तर नमस्कार कर आणि थांब. त्यांना यात्रेकरूंची सवय आहे, पाहुण्यांची नाही.

आणि काशीतले हे मराठी लोक बाहेरून येऊन गेलेले नुसते यजमान नव्हते. नाथमहाराजांनी भागवतावरची टीका पुरी केली ती इथे, 1573 मध्ये. ज्या गागाभट्टांनी 1674 मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला, ते त्याच पैठणकर भट्टांच्या वंशातले. झाशीच्या राणीचा जन्म इथला, वडील मोरोपंत तांबे पेशव्यांच्या भावाकडे, चिमाजी अप्पांकडे नोकरीला होते. 'मणिकर्णिका' हे तिचं नाव घाटावरचं, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही. तिचं जन्मस्थान भदैनीला, अस्सीच्या जवळ आहे, तिथे तुझ्या लेकीला ने. हिंदी वाचणाऱ्यांना बाबूराव विष्णु पराडकर ठाऊक असतात. काशीत वाढलेला मराठी माणूस, 'आज' दैनिकाचा संपादक, आणि इंग्रजांच्या काळात त्या पत्राची धार त्यांच्या लेखणीची. मैदागिनला त्यांच्या नावाचं भवन आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो तिथेच सोडतो.

बरं, नदीचं. पहाटे अस्सीवर 'सुबह-ए-बनारस' असतं, आरती, संगीत, आणि मग उजाडतं. संध्याकाळच्या दशाश्वमेधाच्या आरतीपेक्षा मला हे बरं वाटलं, कारण पहाटे कुणी कुणाला ढकलत नाही. घाट सगळे पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला, म्हणजे सूर्य थेट समोर उगवतो, पलीकडे नुसती वाळू. होडी ठरवताना भाव आधी, बसणं नंतर. आता बऱ्याच होड्यांना गॅसची इंजिनं आहेत, पण वल्ह्यांची मिळाली तर तीच घे, एकमेकींशी बोलता येतं. पावसाळ्यात जाऊ नकोस, पाणी चढलं की घाटांचा एकमेकांशी संबंध तुटतो आणि होड्या बंद होतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा. मी म्हणेन फेब्रुवारीची सुरुवात. थंडी असते, धुकं विरलेलं असतं आणि मलइयो अजून मिळतो. मलइयो म्हणजे थंडीच्या रात्री दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. खाताना काही खाल्लंय असं वाटत नाही, पण दुसरा मागतोच आपण. सकाळच्या वेळी खा, ऊन चढलं की तो राहत नाही. कचौडी-जिलबी आणायला मात्र डायबिटीसवाल्याला एकट्याला पाठवू नकोस, तुझ्या ह्यांना मी ओळखते.

विश्वनाथाच्या देवळात मोबाईल नेता येत नाही, लॉकरवर ठेवावा लागतो. दर्शनाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेव आणि दुपारच्या वेळी जा, पहाटेचा हट्ट सोड. सारनाथला म्युझियम शुक्रवारी बंद असतं. आपले चार सिंह तिथेच आहेत, 26 जानेवारी 1950 ला राजमुद्रा झालेले. नोटेवर इतकी वर्षं बघतो, पण समोर उभं राहिलं की दगडाची झिलई बघून गप्प व्हायला होतं.

आता मणिकर्णिकेचं. तुझी लेक म्हणेल, "आई, तिकडे जायचं." घेऊन जा. चिता दिवसरात्र जळतात, हे तिला आधी शब्दांत सांग, अचानक दाखवू नकोस. फोटो काढायचा नाही, व्हिडिओ तर नाहीच. तिथे "लाकडासाठी दान द्या" म्हणत मागे लागणारे भेटतील, नम्रपणे नको म्हणून चालत राहा. आणि तुला रडू आलं तर येऊ दे गं. मला आलं होतं. आई गेल्यावर आपल्याला तिच्या दहाव्यानंतर एवढी धावपळ होती की नीट बसून रडलोच नव्हतो. मला वाटलं होतं आईच्या आठवणीने दशाश्वमेधावर भरून येईल, जिथे तिने आपल्याला बुडवलं. तिथे काहीच झालं नाही, तिथे मी चप्पल सांभाळत होते. मणिकर्णिकेवर एक अनोळखी मुलगा बापाचं मडकं फोडून मागे न बघता चालत गेला, तेव्हा झालं. म्हणजे कुठे काय होईल ते ठरवून जाऊ नकोस, एवढंच.

साडी घेणारच आहेस, मग हे नीट ऐक. होडीवाला किंवा रिक्षावाला ज्या दुकानात नेईल तिथे फक्त पंखा खा, पैसे काढू नकोस. साडी आवडली की आधी उलटी कर. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या कांडीने तिथल्या तिथे विणतात, म्हणून मागची बाजू स्वच्छ असते, बुट्टी संपली की धागा संपला. फेकवा विणीत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात आणि दोन बुट्ट्यांमधला मोकळा भाग मागून कातरतात, मग कातरलेल्या टोकांची कुसळं हाताला लागतात. दोन्हीही खऱ्या बनारसीच, पण कढुआला वेळ कितीतरी जास्त लागतो आणि म्हणून ती महाग. दुकानदाराने फेकव्याला कढुआची किंमत सांगितली तर बोट फिरवून दाखव आणि हास. हातमागाच्या साडीच्या काठाला टाचणीच्या बारीक खुणा असतात, त्याही बघ. बनारसी साडीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी सुरतेच्या यंत्रमागावरच्या साड्या बनारसी म्हणून तिथेच सर्रास विकतात. मदनपुऱ्यात जमलं तर एखाद्या विणकराच्या घरी माग चालू असताना बघ. खड्ड्यात पाय सोडून तो कसा बसतो ते पाहिलं की तुझी घासाघीस आपोआप थोडी कमी होईल. थोडीच. पूर्ण सोडू नकोस.

अजून एक आतल्या गोटातलं. काशीत जाऊन आवडतं काहीतरी सोडायचं असतं ना, सगळे चलाखी करतात. सासूबाईंनी कारलं सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. तुझे भावोजी दोडका सोडून मोकळे झाले. आईने काय सोडलं होतं माहीत आहे? मी मोठी म्हणून मला एकदा सांगितलं होतं. तिने पेरू सोडले. परसातला पेरू आठवतो ना, आपण फांदीवर चढून खायचो आणि ती खालून "मला नको गं, दात दुखतात" म्हणायची. दात नव्हते दुखत. हे तुला आज सांगतेय, कारण तू तिथे काय सोडायचं ते ठरवशील, आणि मला वाटतं आपण दोघींनी काही सोडलंच पाहिजे असं काही नाही. आईने आपल्या दोघींच्या वाटचंही सोडून ठेवलंय. तुला सोडावंसं वाटलं तर सोड, पण पेरू मात्र सोडू नकोस.

गंगेचा गडूही आणू नकोस. आईने आणलेला सीलबंद गडू माझ्या देवघरात आहे, तो रामेश्वराला न्यायचा राहून गेला होता. पुढच्या वर्षी आपण दोघी तो घेऊन जाऊ, तुझी सुट्टी आधी टाक. मावंदं मात्र माझ्या घरीच घालायचं. तुझ्याकडे लिफ्ट बंद असते, आणि सगळ्या मावश्यांना चार मजले चढवून पुरणपोळी खायला घालणं मला जमायचं नाही. रविवार नको, शनिवार बघ. पोळ्या मी करते, कटाची आमटी तू घेऊन ये, आणि येताना माझं कुंडीतलं रोपही आण, गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडे पडलंय.